आधी ओळख, मग शस्त्र
स्त्रियांच्या ओटीपोटातील दुर्मीळ गाठी : शस्त्रक्रिया आणि संप्रेरक-उपचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अक्कलकोट रोड एमआयडीसी येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गाठी आणि शस्त्रक्रिया असा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या परिसरात आजची सभा भरली आहे, त्या परिसराकडे पाहिले म्हणजे या निवडीचे कारण लक्षात येते. अक्कलकोट रोडच्या या औद्योगिक वसाहतीत सोलापूरची चादर आणि टॉवेल विणले जातात. कांडी भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, लोंबते धागे कापणे, घड्या घालून माल बांधणे ही कामे करणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. कारखान्यात काम करणारी भगिनी आणि कारखानदाराच्या घरातील गृहिणी यांच्या परिस्थितीत मोठे अंतर असले, तरी एका बाबतीत दोघींचे वर्तन सारखेच आढळते. ओटीपोटाचे दुखणे त्या कोणालाही सांगत नाहीत. ‘अंगावरून जाते’, ‘अंग बाहेर येते’, ‘पिशवीला सूज आहे’ अशा दोन-चार शब्दांत सारे गुंडाळले जाते आणि वर्षे निघून जातात.

या दुखण्यांपैकी बहुसंख्य साधी असतात, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. गर्भाशयातील फायब्रॉइडची गाठ अत्यंत सामान्य असून ती जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. आजच्या विवेचनाचा विषय आहे तो या सामान्य गाठींच्या वेशात येणाऱ्या मोजक्या, दुर्मीळ गाठींचा. युरोपातील तज्ज्ञांनी ठरविलेल्या व्याख्येनुसार वर्षाला एक लाख लोकांमागे सहाहून कमी व्यक्तींना होणारा कर्करोग दुर्मीळ समजला जातो. येथे वर्णिलेल्या गाठी त्याहूनही विरळ आहेत. मग त्यांची चर्चा सर्वसामान्य श्रोत्यांपुढे कशासाठी? कारण त्यांच्या बाबतीत पहिली शस्त्रक्रिया कशी झाली आणि काढलेल्या मांसाचे पुढे काय झाले, यावर त्या स्त्रीची पुढील वीस वर्षे अवलंबून असतात. आणि ही पहिली शस्त्रक्रिया मोठ्या शहरातील विशेषज्ञांकडे न होता बहुधा आपल्याच गावात, नेहमीची गाठ समजून होते.

संप्रेरके आणि गाठी यांचा संबंध

संप्रेरक म्हणजे आपण ज्याला हॉर्मोन म्हणतो, ते शरीरातील रासायनिक निरोप्याचे काम करते. स्त्रीच्या बीजांडकोशातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन प्रमुख संप्रेरके रक्तात मिसळतात. त्यांचा निरोप घेण्यासाठी काही पेशींमध्ये विशिष्ट ग्राहक असतात. कुलपात त्याचीच किल्ली बसावी, त्याप्रमाणे ते संप्रेरक त्या ग्राहकात बसते आणि पेशीला वाढण्याची आज्ञा मिळते. गर्भाशय, स्तन आणि ओटीपोटातील काही मऊ ऊती यांच्या पेशींत असे ग्राहक असतात. त्यांपासून उद्भवणाऱ्या काही गाठींतही ते टिकून राहतात.

हा संबंध शास्त्राला एका दिवसात उमगला नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तन्यनिर्मितीचा अभ्यास करताना बीजांडकोश आणि स्तन यांच्यात काही नाते असावे, असा तर्क केला. स्तनाचा कर्करोग फैलावलेल्या स्त्रीचे बीजांडकोश काढल्यानंतर तिची गाठ आक्रसल्याचा वृत्तान्त त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केला. त्या काळी संप्रेरक हा शब्दही प्रचारात नव्हता. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो येथे एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनच्या ग्राहकाचा शोध लावला आणि बीटसन यांच्या निरीक्षणामागील कारण उलगडले. १९६१ साली गर्भाशयाच्या प्रगत कर्करोगावर प्रोजेस्टेरॉनसदृश औषधाचा उपयोग होतो, असे दिसून आले.

या ज्ञानपरंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. काढलेल्या मांसाचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास करण्याची शिस्त त्यांनी या देशात रुजविली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात स्तनाच्या कर्करोगावर दीर्घकाळ काम केले. गाठीचा उद्भव, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. एका मराठी विदुषीने ज्या विषयासाठी आयुष्य वेचले, तो विषय मराठी घरांत संकोचापायी अबोल राहावा, हे योग्य नव्हे.

चार गाठींची ओळख

पहिली गाठ ‘ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा’ या नावाने ओळखली जाते. स्टीपर आणि रोसाई या विकृतिशास्त्रज्ञांनी १९८३ साली तिचे स्वतंत्र वर्णन केले. ती प्रामुख्याने तिशी-चाळिशीतील स्त्रियांना, योनिमार्गाच्या आसपास आणि ओटीपोटाच्या तळाशी होते. ती मऊ, लिबलिबीत आणि बहुधा न दुखणारी असते. त्यामुळे बार्थोलिन ग्रंथीची गाठ, चरबीची गाठ किंवा हर्निया समजून तिच्यावर उपचार होतात. बाहेर लिंबाएवढी दिसणारी ही गाठ आत ओटीपोटात कितीतरी मोठी असू शकते. ‘ॲग्रेसिव्ह’ म्हणजे आक्रमक, या नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ती दूरच्या अवयवांत क्वचितच पसरते. तिचा खरा दुर्गुण असा की काढल्यानंतर ती त्याच जागी पुन्हा उगवते, कधी काही महिन्यांनी तर कधी अनेक वर्षांनी. तिच्या पेशींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक बहुधा आढळतात.

दुसरी गाठ गर्भाशयातील ‘लो-ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा’. हा खरा कर्करोग आहे, मात्र मंदगतीने वाढणारा. गर्भाशयाच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. पाळीत अतिरक्तस्राव आणि वाढलेले गर्भाशय एवढीच त्याची चिन्हे असल्याने सोनोग्राफीत तो फायब्रॉइडसारखा दिसतो आणि अनेकदा ‘पिशवी’ काढल्यानंतरच्या तपासणीतच उघडकीस येतो. त्याच्याही पेशींत संप्रेरकांचे ग्राहक असतात आणि दहा-वीस वर्षांनंतरही तो परतू शकतो.

तिसरी व्याधी ‘इंट्राव्हीनस लिओमायोमॅटोसिस’. यातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली साध्या फायब्रॉइडसारख्या निरुपद्रवी दिसतात, परंतु त्यांची वाढ गर्भाशयाच्या शिरांच्या आत शिरते आणि क्वचित प्रसंगी मोठ्या शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचते. दम लागतो किंवा चक्कर येते म्हणून हृदयाची तपासणी होते आणि मूळ दोष ओटीपोटात सापडतो.

चौथी गाठ बीजांडकोशातील ‘ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर’. ही गाठ स्वतःच इस्ट्रोजेन निर्माण करू शकते. पाळी बंद होऊन वर्षे लोटलेल्या स्त्रीला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, तर ‘पाळी परत आली’ असे समजून गप्प बसणे धोक्याचे आहे. या गाठीच्या पेशींतील एक विशिष्ट जनुकीय बदल २००९ साली शोधला गेला आणि तिचे निदान अधिक निश्चित झाले. रक्तातील इन्हिबिन या द्रव्याची पातळी मोजून तिच्या परतण्यावर लक्ष ठेवता येते. तीही वीस वर्षांनंतर परतल्याची उदाहरणे आहेत.

या गाठी कारखान्यातील कामामुळे होतात, असे सिद्ध झालेले नाही. तसेच त्या कोणाच्या आचरणाचे फळ नाहीत, स्पर्शाने पसरत नाहीत आणि पतीपासून येत नाहीत. एवढे जरी घरोघरी पोहोचले, तरी अनेक भगिनींच्या मनावरचा भार हलका होईल.

शस्त्र केव्हा, औषध केव्हा

या चारही गाठींत शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. संप्रेरक-उपचार तिच्या सोबतीला येतो. कधी तो शस्त्रक्रियेच्या आधी दिला जातो, कधी नंतर, आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा एकटाही.

ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमाचे उदाहरण घेऊ. पूर्वी ही गाठ समूळ काढण्याच्या अट्टाहासाने भोवतालचे अवयवही कापले जात. मूत्राशय किंवा गुदमार्ग यांना इजा झाली की त्या स्त्रीचे जगणे कठीण होई. तरीही गाठ परतत असे. कालांतराने असे ध्यानात आले की गाठ दूर पसरणारी नसल्याने अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया पुष्कळ स्त्रियांसाठी अधिक हिताची असते. याच सुमारास संप्रेरकांचा मार्ग उपलब्ध झाला. २००१ साली पुन्हा उद्भवलेली अशी गाठ केवळ इंजेक्शनांनी आटोक्यात आणल्याचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिन यांसारखी ही इंजेक्शने महिन्यातून एकदा, किंवा मोठी मात्रा असल्यास तीन महिन्यांतून एकदा देतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला जाणारी आज्ञा ती थांबवितात. पहिले एक-दोन आठवडे संप्रेरके उलट थोडी वाढतात, नंतर बीजांडकोश विश्रांती घेतात आणि पाळी थांबते. औषध बंद केल्यावर, वय फार झालेले नसेल तर, पाळी बहुधा पूर्ववत सुरू होते. मोठी गाठ अशा रीतीने आधी लहान करून मग काढली, तर शेजारचे अवयव वाचू शकतात.

स्ट्रोमल सार्कोमामध्ये क्रम वेगळा असतो. गर्भाशय काढणे आणि बहुतेक वेळा दोन्ही बीजांडकोशही काढणे हा मूळ उपचार. रोग फैलावलेला असेल किंवा परतला असेल, तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या अथवा मेजेस्ट्रॉलसारखी प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे दीर्घकाळ दिली जातात. बीजांडकोश काढल्यानंतर किंवा पाळी गेल्यानंतरही शरीरातील चरबी थोडे इस्ट्रोजेन तयार करीत असते. लेट्रोझोल ही निर्मिती रोखते. मात्र बीजांडकोश कार्यरत असलेल्या स्त्रीला एकटे लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेन आटोक्यात येत नाही. म्हणूनच शेजारणीची गोळी पाहून आपली गोळी ठरवू नये.

याच संदर्भात आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. स्तनाच्या कर्करोगावर गुणकारी असलेले टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडविते, परंतु गर्भाशयात ते स्वतःच काही अंशी इस्ट्रोजेनसारखे वागते. त्यामुळे स्ट्रोमल सार्कोमाच्या रुग्णाला ते टाळतात. अंगाची आग होते म्हणून इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेणे किंवा ‘हॉर्मोन संतुलित करणारे’ म्हणून विकले जाणारे चूर्ण डॉक्टरांना न सांगता सुरू करणे, हेही अशा रुग्णास अहितकारक ठरू शकते.

तरुण स्त्रीपुढे येणारा प्रश्न सर्वांत बिकट असतो. जिला अजून मूल हवे आहे, तिचे बीजांडकोश काढावेत की ठेवावेत? ठेवल्यास रोग परतण्याचा संभव वाढतो. काढल्यास मातृत्वाचे दार बंद होते आणि अकाली रजोनिवृत्ती येते. याचे सर्वांना लागू पडणारे एक उत्तर नाही. रोगाची अवस्था, वय आणि त्या स्त्रीची इच्छा यांचा विचार होऊनच निर्णय व्हावा. शस्त्रक्रियेपूर्वी ही चर्चा तिच्यासमक्ष व्हावी आणि तिचा शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाइतकाच मोलाचा मानला जावा.

काढलेल्या गाठीचे काय झाले?

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. कल्पना करावी की अडतीस वर्षांच्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या एका भगिनीला जांघेच्या आतील बाजूस मऊ गाठ लागते. दिवसभर शिलाई यंत्रावर बसून आली असेल, असे ती समजते. दोन वर्षांनी बसणे अवघड होते, तेव्हा ती दाखविते. चरबीची गाठ म्हणून छोटी शस्त्रक्रिया होते. गाठ तपासणीला पाठविण्यासाठी वेगळा खर्च येईल, असे सांगितले जाते आणि नातेवाईक म्हणतात, ‘गाठ तर निघाली, आता तपासून काय करायचे?’ तीन वर्षांनी गाठ पुन्हा येते, या वेळी अधिक मोठी आणि ओटीपोटात खोलवर गेलेली. पहिल्या गाठीचा कोणताही अहवाल नसल्याने नव्या डॉक्टरांना सारा प्रवास शून्यापासून सुरू करावा लागतो. ही भगिनी काल्पनिक आहे. तिच्या कथेतील प्रत्येक टप्पा मात्र टाळता येण्याजोगा आहे.

याच अज्ञानाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी सुमारे १३ हजार ८०० स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. एकीकडे गरज निश्चित न करता अवयव काढले जातात, तर दुसरीकडे ज्या गाठीची कसून तपासणी व्हावी, ती तशीच टाकून दिली जाते. दोन्ही ठिकाणी एकच उणीव दिसते. काय कापत आहोत याची ओळख पटण्याआधी शस्त्र उचलले गेलेले असते.

ओळख पटविण्याचा क्रम अवघड नाही. तपासणी व सोनोग्राफीनंतर शंका असल्यास एम.आर.आय. करावा. अँजिओमिक्सोमाची भोवऱ्यासारखी थरांची रचना त्यात दिसू शकते आणि गाठ आत किती खोल आहे, हे कळते. आवश्यक वाटल्यास सुईने अथवा छोटा छेद घेऊन बायोप्सी करावी. ती कोठे व कशी घ्यावी, हे तज्ज्ञांनी ठरवावे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर गर्भाशयाचे तुकडे यंत्राने पोटातच करून बाहेर काढले जाणार आहेत का, हे विचारावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली अशा यंत्रांविषयी इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीच्या गर्भाशयात न ओळखलेला सार्कोमा असू शकतो आणि तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो, असा त्यांचा त्या वेळचा अंदाज होता.

शस्त्रक्रियेनंतर काढलेला प्रत्येक भाग, लहान असो वा मोठा, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जावा. तो दहा टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात, मांसाच्या सुमारे दहापट द्रावण असेल अशा रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावा लागतो. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवलेले मांस खराब होते आणि मग ग्राहकांची चाचणीही विश्वासार्ह राहत नाही. प्रयोगशाळेत त्या मांसाचे तुकडे मेणात बसवून ‘ब्लॉक’ तयार करतात. हा ब्लॉक अनेक वर्षे टिकतो. पुढे कधीही त्यावरून नवी काचपट्टी करून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते आणि इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक तपासता येतात. संप्रेरक-उपचार लागू पडण्याची शक्यता कितपत आहे, हे या चाचणीवरून समजते. म्हणून अहवालाचा कागद आणि ब्लॉक यांची जपणूक घरातील दागिन्यांच्या पावत्यांइतकीच काळजीपूर्वक करावी.

उपचारांसोबतचे जीवन

संप्रेरक-उपचारात केमोथेरपीप्रमाणे केस सहसा गळत नाहीत. परंतु तो अगदी निर्धोकही नाही. अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, सांधे दुखणे आणि हाडे ठिसूळ होणे हे परिणाम संभवतात. त्यासाठी हाडांची घनता मोजणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाकडे लक्ष देणे आणि नियमित चालणे आवश्यक आहे. प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांनी वजन वाढू शकते आणि शिरांत रक्त गोठण्याचा धोका काही अंशी वाढतो. एका पायाला अचानक सूज आली किंवा एकाएकी दम लागला, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

आपल्या समाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो. रात्रिभोजनाचा त्याग आणि पर्युषणातील उपवास यांचे काय? लेट्रोझोलची गोळी दिवसातून एकदाच, जेवणापूर्वी वा जेवणानंतर केव्हाही घेता येते. त्यामुळे सूर्यास्तापूर्वीची एक वेळ ठरवून घेतली की नियमात बाधा येत नाही. महिन्याच्या अथवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनाचा आहाराशी संबंध नसतो. मात्र पाण्याचाही त्याग असलेला उपवास आणि रक्त गोठण्याचा धोका वाढविणारे औषध यांची जोड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. कोणालाही न सांगता आठ दिवस गोळ्या बंद ठेवणे सर्वांत घातक. उपवासाचा मानस असल्यास महिनाभर आधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

नोकरी करणाऱ्या भगिनींनी आपले हक्क जाणून घ्यावेत. राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्या आणि दोन वर्षांची अट पूर्ण करणाऱ्या कामगारास कर्करोगासारख्या नमूद दीर्घ आजारांत विस्तारित आजारपणाचा लाभ मिळू शकतो. त्याचा दर वेतनाच्या ८० टक्के असून तो दोन वर्षांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्य शासनाची योजनाही कर्करोगाच्या अनेक उपचारांसाठी साहाय्यभूत ठरते. कारखानदार बंधूंनी आपल्या कामगार भगिनींची विमा नोंदणी वेळेवर केली, तर त्यांच्या हातून घडणारे हे मोठे आरोग्यकार्य ठरेल.

जवळ काय आहे?

दुर्मीळ आजार म्हटले की मुंबई आठवते. परंतु आपल्या जिल्ह्याचेही या क्षेत्रात स्थान आहे. सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण लोकसंख्येवर आधारित भारतातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एच.पी.व्ही. विषाणूची एकच चाचणी केल्यानेही त्या रोगाचे मृत्यू लक्षणीय घटतात, असा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. तो रोग आजच्या विषयातील गाठींहून वेगळा आहे. परंतु खेड्यापाड्यांतील स्त्रिया विश्वासाने सांगितल्यास आणि सन्मानाने वागविल्यास तपासणीला पुढे येतात, हे या अभ्यासाने सिद्ध केले. अक्कलकोट रोडवरील भगिनीही त्याला अपवाद ठरणार नाहीत.

गाठ दुर्मीळ असल्याचा अहवाल आला, तर काचपट्टी व ब्लॉक घेऊन टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात दुसरे मत घ्यावे. त्यानंतरचे पुष्कळसे उपचार, विशेषतः गोळ्या आणि इंजेक्शने, सोलापुरातच चालू ठेवता येतात. मधल्या काळात दर सहा महिन्यांची किंवा डॉक्टर सांगतील त्या मुदतीची तपासणी चुकवू नये. पाच वर्षे ठीक गेली म्हणून फाइल माळ्यावर टाकू नये. या गाठींच्या बाबतीत पाच वर्षे हा पल्ला अपुरा आहे.

समाजाने काय करावे?

पन्नास वर्षे सेवाकार्य करणाऱ्या संस्थेला औषधदानाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. या प्रसंगी तीन लहान गोष्टींचा विचार व्हावा. पहिली, गरजू स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी साहाय्य देताना काढलेल्या भागाच्या तपासणीचा खर्च त्यात आवर्जून धरावा. ही रक्कम एकूण खर्चाच्या मानाने अल्प असते आणि नेमकी तीच वाचविली जाते. दुसरी, साहाय्य मिळालेल्या प्रत्येक रुग्णाच्या अहवालाची एक प्रत, तिच्या संमतीने आणि गोपनीयता राखून, सुरक्षित ठेवण्याची सोय करावी. मूळ कागद हरवला तरी वीस वर्षांनी ती प्रत तिचा जीव वाचवू शकेल. तिसरी, फेरतपासणीसाठी बार्शीला वा मुंबईला जाणाऱ्या भगिनीच्या प्रवासाची आणि सोबतीची व्यवस्था करावी. पुष्कळ स्त्रिया औषध महाग म्हणून थांबत नाहीत. सोबत येणारे कोणी नाही, म्हणून त्या थांबतात.

उपस्थित भगिनींना एकच नम्र विनंती आहे. पाळीच्या काळाबाहेर रक्तस्राव, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, झपाट्याने वाढणारे पोट, किंवा योनिमार्गाजवळ लागणारी, न दुखणारी परंतु हळूहळू वाढणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि ज्यांची गाठ किंवा पिशवी यापूर्वी काढली गेली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या जुन्या कागदांत तपासणीचा अहवाल आहे का, हे पाहावे. नसेल, तर जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे तो मागावा. बंधूंनीही ही विचारणा आपल्या घरातील माता-भगिनींजवळ संकोच न बाळगता करावी.